कित्ता आणि स्वाक्षरी

अक्षर शिकताना प्रत्येकाला कित्ता गिरवावा लागतो. दुसऱ्याच्या सुबक वळणावरून हात फिरवता फिरवता बोटांना सवय होते आणि पुढे त्याच हाताची स्वतंत्र स्वाक्षरी तयार होते. पोशाखाचेही असेच आहे. लहान मुलगी आईची साडी अंगाभोवती गुंडाळते, शाळेतल्या बाईंसारखी वेणी घालून पाहते. जिच्याविषयी आदर वाटतो, तिच्यासारखे दिसावे ही इच्छा स्वाभाविक आहे. तीत हसण्यासारखे काही नाही. मात्र आयुष्यभर कित्ताच गिरवत राहिले, तर स्वाक्षरी घडत नाही.

दिल्लीसारख्या महानगरात हा विचार अधिकच निकडीचा ठरतो. सरोजिनी नगरच्या किंवा जनपथच्या बाजारात चित्रपटातील नायिकेच्या पोशाखाची नक्कल अल्प किमतीत मिळते. नोएडा, गुरुग्राम, फरीदाबाद येथून मेट्रोने येणाऱ्या तरुणी ती उत्साहाने घेतात. हौसेला मोल नाही, हे खरे. परंतु थोड्याच दिवसांत नवी नायिका आणि नवी धाटणी येते आणि कालचा पोशाख जुना ठरतो. बेताच्या मिळकतीच्या तरुणीला या शर्यतीत पैशांबरोबर आत्मविश्वासही गमवावा लागतो. आपण इतरांहून उण्या आहोत, ही भावना तिच्या मनात घर करते. खरे नुकसान हेच आहे.

याच दिल्लीने वेगळे आदर्शही पाहिले आहेत. 1952 साली अखिल भारतीय हस्तकला मंडळ स्थापन झाले आणि त्याची धुरा कमलादेवी चट्टोपाध्याय यांनी सांभाळली. गिरण्यांच्या स्पर्धेत हातमाग बंद पडू नयेत, कारागिरांच्या पिढीजात कौशल्याला मान आणि दाम मिळावा, यासाठी त्यांनी देशभर काम केले. त्या स्वतः हातमागाच्या साड्या नेसत. त्यांचा पोशाख त्यांच्या कार्याहून निराळा नव्हता. जे विचार त्या मांडत, तेच त्यांच्या अंगावरच्या वस्त्रातही दिसत. त्यांच्या साडीची नक्कल कोणालाही करता येईल. पण विणकराविषयीच्या आस्थेवाचून ती नक्कल निर्जीवच राहील.

दुसरा दाखला महाराष्ट्राच्या कन्येचा आहे. जळगाव जिल्ह्यात जन्मलेल्या प्रतिभाताई पाटील 1962 साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, आमदार झाल्या. पुढे 2007 ते 2012 या काळात त्यांनी देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती म्हणून राष्ट्रपती भवनात कार्यभार सांभाळला. साडी, लांब बाह्यांचे पोलके आणि डोक्यावर पदर ही त्यांची ओळख देशाच्या सर्वोच्च पदावरही बदलली नाही. डोक्यावरचा पदर हे मागासलेपणाचे लक्षण मानणाऱ्यांनी नोव्हेंबर 2009 मधील एक प्रसंग आठवावा. पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून सुखोई या लढाऊ विमानातून उड्डाण करताना त्यांनी वैमानिकाचा पोशाख चढवला. त्या वेळी त्यांचे वय चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. आयुष्यभराची साडी त्यांनी कामाच्या गरजेपुरती सहज बाजूला ठेवली. स्वतःची शैली म्हणजे हट्ट नव्हे, हे यातून कळते. जिची ओळख केवळ वस्त्रावर अवलंबून नसते, तिला प्रसंगी वस्त्र बदलण्याचे भय वाटत नाही.

येथे एक आक्षेप घेतला जातो. पुरुष नेत्याचे भाषण चर्चिले जाते आणि स्त्री नेत्याची मात्र साडी; मग स्त्रियांच्या पोशाखाविषयी बोलावेच कशाला? या आक्षेपात तथ्य आहे. कर्तृत्वाआधी कपडे पाहणारी दृष्टी अन्यायकारकच आहे. तथापि पोशाखाचा विचार टाळल्याने हा अन्याय दूर होत नाही. स्त्रीने स्वतः विचार केला नाही, तर तिच्यासाठी बाजार, शेजारीपाजारी किंवा नातेवाईक निर्णय घेतातच. म्हणून काय ल्यावे आणि काय नेसावे हे विचारपूर्वक ठरवणे, हा स्वातंत्र्याचाच एक भाग आहे.

हा विचार करण्यास फार पैसा लागत नाही. दिवसा नोकरी करून संध्याकाळी अभ्यास करणाऱ्या तरुणीने आपल्याला आदरणीय वाटणाऱ्या स्त्रिया आठवाव्यात. त्यांत थोर नेत्या असतील, तशाच घरातली आत्या, वस्तीतली परिचारिका किंवा शाळेतल्या बाईही असतील. त्या काय घालतात हे पाहून थांबू नये. ते का घालतात, हेही विचारावे. कोणाचा नीटनेटकेपणा घ्यावा, कोणाचा साधेपणा, तर कोणाची रंगांची जाण. मग दिल्लीचा कडक उन्हाळा आणि बोचरी थंडी, रोजचा प्रवास, कामाचे स्वरूप आणि स्वतःची आवड यांच्या कसोटीवर ते पारखावे. जे टिकेल, ते तिचे स्वतःचे असेल. मग तो दोन सुती कुर्त्यांचा साधा जोड असला, तरी त्यात ती ताठ मानेने वावरेल.

दुसऱ्याची स्वाक्षरी हुबेहूब करता आली, तरी तिला कोणी कौशल्य म्हणत नाही. आदर्श स्त्रियांकडून वळण जरूर घ्यावे. नाव मात्र आपल्या हाताने आपलेच लिहावे.