मोटारीमागचे चित्र आणि जुनी तार

दूरचित्रवाणीच्या प्रक्षेपणातून जगभर मागे पडत गेलेले ॲनालॉग तंत्र मोटारीच्या मागील कॅमेऱ्याच्या तारेत मात्र आजही टिकून आहे. ही केवळ काटकसर नव्हे. गाडी मागे घेणाऱ्या चालकाला देखण्या चित्रापेक्षा तत्काळ चित्र हवे असते, हे त्याचे महत्त्वाचे कारण आहे.

आरशाऐवजी कॅमेरा ही कल्पना १९५६च्या ब्यूक सेंच्युरियन या प्रदर्शनातील मोटारीत प्रथम दिसली. विक्रीच्या गाडीत ती जपानमध्ये १९९१च्या टोयोटा सोअररमधून आली. पुढे रूढ झालेल्या कॅमेऱ्यांनी दूरचित्रवाणीचाच संकेत उचलला. 'पाल' पद्धतीत ६२५ रेषा आणि सेकंदाला २५ चित्रे, तर 'एनटीएससी' पद्धतीत ५२५ रेषा आणि सुमारे ३० चित्रे. प्रकाशमान आणि रंग दोन्ही एकाच तारेतून जात. त्यामुळे कोणत्याही कंपनीचा कॅमेरा कोणत्याही पडद्याला सहसा जुळे. मात्र रंग आणि तपशील एकमेकांत मिसळत. शिवाय रुंद कोनाच्या भिंगात काही मीटरवरचे मूल मोजक्या ठिपक्यांपुरते उरे.

यावर डिजिटल जोडणीचा उपाय आला; पण तिला महागडे सुटे भाग लागतात आणि एका उत्पादकाचा संच दुसऱ्याशी जुळत नाही. २०१२नंतर सीसीटीव्हीच्या क्षेत्रातून तिसरा मार्ग निघाला. दाहुआची एचडी-सीव्हीआय, टेकपॉइंटची एचडी-टीव्हीआय आणि नेक्स्टचिपची एएचडी या पद्धतींनी रंगाचा संकेत वरच्या कंप्रतेवर हलवून प्रकाशमानापासून वेगळा केला. साध्या कोॲक्सियल तारेतून १२८० बाय ७२० आणि पुढे १९२० बाय १०८० ठिपक्यांचे चित्र मिळू लागले. चित्र दाबून पाठवावे लागत नसल्याने विलंबही नगण्य राहिला. ताशी ५ किलोमीटर वेगाने मागे जाणारी गाडी सेकंदाच्या दहाव्या भागात सुमारे १४ सेंटीमीटर सरकते. हे ध्यानात घेतले, की या गुणाचे मोल कळते.

बिघाडाची रीतही निराळी. ॲनालॉग तार खराब होऊ लागली, की चित्रात खरखर दिसते आणि चालक सावध होतो. डिजिटल चित्र मात्र एकाएकी नाहीसे होऊ शकते किंवा गोठू शकते. गोठलेले चित्र सर्वांत फसवे. तारेची झीज डिजिटल गाड्यांनाही चुकलेली नाही. मागचे झाकण उघडमीट होताना कॅमेऱ्याची तार झिजते म्हणून टेस्लाने डिसेंबर २०२१मध्ये साडेतीन लाखांहून अधिक 'मॉडेल ३' गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या.

अर्थात ॲनालॉगचा कैवार घेताना त्याची मर्यादाही सांगायला हवी. नव्या तिन्ही पद्धती परस्परांना परक्या आहेत. बाजारातून घेतलेला एएचडी कॅमेरा जुन्या पडद्याला जोडला, तर पडदा कोरा राहू शकतो.

अमेरिकेने १ मे २०१८पासून नव्या हलक्या वाहनांत मागील कॅमेरा सक्तीचा केला. चित्र दोन सेकंदांत दिसले पाहिजे, अशी अट घातली. तारेतून ते कसे यावे, हे उत्पादकांवर सोडले. भारतात १ जुलै २०१९पासून नव्या मोटारींना मागील सेन्सर बंधनकारक झाले. उद्या येथे कॅमेऱ्याचा नियम करायचा झाल्यास ठिपक्यांच्या संख्येवर भुलण्यात अर्थ नाही. चित्र किती वेळात येते आणि बिघडल्यावर चालकाला ते कळते का, हे दोन प्रश्न आधी विचारले पाहिजेत. गाडीमागे खेळणाऱ्या मुलाचा जीव त्यांच्या उत्तरावर अवलंबून असतो.