न मरणारा शेतकरी

'असॅसिन्स क्रीड वल्हाला' (२०२०) या गेममधला नवव्या शतकातला सॅक्सन शेतकरी मारायचा नसतो. खेळाडू व्हायकिंग, मठ लुटा, पहारेकरी कापा, गवती छपरं पेटवा, सगळं चालतं. शेतकऱ्यावर मात्र कुऱ्हाड पडली की ताकीद येते: आपल्या नायकाने सामान्य माणसांना मारलेलं नाही. तरी ऐकलं नाही, तर खेळ तुटतो.

काहींना ही संवेदनशीलता वाटते. मला ही सफेदी वाटते. छाप्यात माणसं धरून गुलाम म्हणून विकणं हा व्हायकिंगांचा धंदाच होता; गेममधल्या लुटीत मात्र चांदी आणि सामान तेवढं. शेतकरी किंचाळत पळतो, पडद्याबाहेर गेला की संपला. छप्पर जळाल्यावर त्याने हिवाळा कसा काढला?

'त्याचा आवाज उरलाय कुठे?' हा बचाव लंगडा आहे. इ. स. १०००च्या सुमारास एल्फ्रिक या मठवासी शिक्षकाने मुलांना लॅटिन शिकवायला एक संवाद लिहिला. त्यातला नांगऱ्या सांगतो: कितीही थंडी असो, धन्याच्या धाकाने पहाटेच बैल जुंपायचे, दिवसाला एकरभर नांगरायचंच, बैल हाकणाऱ्या पोराचा ओरडून घसा बसलाय. कारण तो स्वतंत्र नाही. (धनी इंग्रजच, हेही लक्षात घ्या.) शब्द मास्तरांनी तोंडी घातलेत, मान्य. पण एका हस्तलिखितात त्या लॅटिन शब्दांवर कुणीतरी बारीक अक्षरात जुनी इंग्रजी लिहून ठेवली आहे, म्हणजे नांगऱ्याचं बोलणं त्याच्याच भाषेत आणलं आहे. एवढ्या मोठ्या स्टुडिओला छाप्याच्या वेळी त्याच्यासाठी सुचली ती फक्त किंकाळी.