गृहभेटींचा वेळ परत मिळण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हा शल्य चिकित्सक,
जिल्हा सामान्य रुग्णालय.

विषय : जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातील क्षेत्रीय कर्मचाऱ्यांचा वेळ अहवालांत व इतर कामांत जात असल्याने गृहभेटी जवळपास बंद पडल्याबाबत.

संदर्भ : १) याच विषयावरील आमची यापूर्वीची निवेदने. २) पोळ्यापूर्वीच्या आढावा बैठकीत आपण दिलेले आश्वासन.

महोदय,

आम्ही खाली सही करणारे मनोविकृती समाजकार्यकर्ते व सामुदायिक परिचारिका पुन्हा एकदा आपल्याकडे आलो आहोत. आधीच्या निवेदनांवर आवक क्रमांक पडला, पुढे काही झाले नाही. पोळ्यापूर्वीच्या बैठकीत आपण सर्वांसमक्ष सांगितले होते की अहवालांचे नमुने एकत्र करू आणि नोंदींसाठी डाटा एंट्री ऑपरेटर देऊ. त्यानंतर दिवाळी गेली, संक्रांत गेली. ऑपरेटर आला नाही आणि नमुने कमी होण्याऐवजी त्यात एकाची भर पडली.

एका रुग्णाची नोंद आज कुठे कुठे करावी लागते ते कृपया पाहावे. केसपेपर, ओपीडी रजिस्टर, औषधवाटप रजिस्टर, पाठपुरावा रजिस्टर, मग पोर्टल, मग तीच माहिती एक्सेलच्या तक्त्यात, आणि महिनाअखेरीस त्याच आकड्यांचा मासिक अहवाल. दोन ठिकाणचे आकडे जुळले नाहीत की सगळे परत येते. ग्रामीण रुग्णालयात साप्ताहिक ओपीडी असते तेव्हा डॉक्टरांनी तपासलेल्या रुग्णाच्या घरच्यांशी बोलणे, गोळ्या कोण देईल हे ठरवणे, कोणती लक्षणे दिसली तर लगेच यायचे ते समजावणे हे आमचे काम आहे. प्रत्यक्षात त्या वेळी आमची मान रजिस्टरात असते. लांबच्या पाड्यावरून मजुरी बुडवून आलेली आई दाराशी उभी राहते आणि शेवटची एसटी निघायची वेळ झाली म्हणून न बोलता निघून जाते.

ओपीडी नसलेले दिवस गृहभेटींचे असायला हवेत. पण सकाळी ग्रुपवर ‘आजच, अर्जंट’ असा निरोप येतो. व्हिडिओ कॉन्फरन्ससाठी (व्हीसी) माहिती हवी असते, किंवा दुसऱ्या कार्यक्रमाच्या शिबिरात नोंदणीच्या टेबलावर माणूस हवा असतो. कार्यक्रमाची गाडी दौऱ्यासाठी मागून घेतलेली असते. सप्टेंबर आणि ऑक्टोबरमध्ये आत्महत्या प्रतिबंध दिन व मानसिक आरोग्य दिनाच्या रॅली, स्पर्धा आणि त्यांच्या फोटोंतच आठवडे जातात. जनजागृतीला आमचा विरोध नाही. पण ज्या कुटुंबाला आजार कळलेला आहे आणि औषध मध्येच थांबले आहे, त्याच्या दारात जायला माणूस उरत नाही, हे आपल्याला चालते का?

ही गोष्ट आम्हाला सर्वांत जास्त बोचते. नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयातून बरा होऊन आलेला रुग्ण ‘आता बरं वाटतं’ म्हणून गोळ्या सोडतो. पुन्हा रात्रीची झोप उडते, संशय सुरू होतो, आणि आम्हाला कळते तेव्हा घरच्यांनी त्याला खोलीत कोंडलेले असते. एक भेट वेळेवर झाली असती तर डोस सांभाळता आला असता. गेल्या खरिपात विषप्राशन करून वाचलेल्या एका तरुण शेतकऱ्याला रुग्णालयातून घरी सोडले. पहिल्या आठवड्यातील त्याची भेट आमच्या डायरीत लिहिलेली होती. त्या आठवड्यात गाडी नव्हती आणि तिमाही अहवालाची मुदत होती. पुढच्या महिन्यात त्याने पुन्हा तेच केले आणि तो वाचला नाही. भेट झाली असती तर तो नक्की वाचला असता असा दावा आम्ही करत नाही. परंतु भेट का झाली नाही हे लिहायला कोणत्याही नमुन्यात रकाना नाही, आणि गृहभेटींच्या रकान्यात ‘निरंक’ दिसले की खुलासा मात्र आमच्याकडेच मागितला जातो.

अशा भेटींचा उपयोग आम्ही नव्याने सिद्ध करण्याची गरज नाही. जागतिक आरोग्य संघटनेने चेन्नईसह पाच देशांतील पाच ठिकाणी केलेला अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्यांना घरी गेल्यावर १८ महिने ठरावीक अंतराने भेटून किंवा फोन करून विचारपूस केली गेली. त्यांच्यात आत्महत्येने झालेल्या मृत्यूंचे प्रमाण ०.२ टक्के होते, तर नेहमीचे उपचार मिळालेल्यांत ते २.२ टक्के होते. १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक आम्ही गावोगाव सांगतो आणि सांगत राहू. पण फोन ज्याच्या हातात नाही, किंवा ज्याला आपण आजारी आहोत हेच पटत नाही, त्याच्याकडे पायी जावे लागते.

म्हणून आमची मुख्य मागणी अशी : आठवड्यातील दोन दिवस फक्त गृहभेटींसाठी लेखी आदेशाने राखून ठेवावेत. त्या दिवशी कोणताही अहवाल, व्हीसी, शिबिर वा अन्य कार्यक्रमाची ड्यूटी देऊ नये आणि कार्यक्रमाची गाडी कार्यक्रमाकडेच राहावी. रुग्णाची माहिती एकदाच, एकाच नमुन्यात घ्यावी व कबूल केलेला ऑपरेटर द्यावा. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या व्यक्तीला घरी सोडताना रुग्णालयाने त्याच दिवशी आम्हाला कळवावे. तोंडी आदेश आता पुरत नाही. मागील वेळचे आश्वासनही तोंडीच होते.

याखेरीज, समुपदेशनासाठी दार लागणारी खोली मिळावी. थकीत प्रवासभत्ता अदा व्हावा. ग्रामीण रुग्णालयांत गोळ्यांचा साठा संपण्यापूर्वी मागणी नोंदवली जावी.

पुढील मासिक आढावा बैठकीपूर्वी लेखी उत्तर मिळावे ही विनंती. ते न मिळाल्यास त्या महिन्यापासून दर मंगळवारी व शुक्रवारी आम्ही गृहभेटींना जाऊ. त्या दोन दिवशी मागितलेली माहिती दुसऱ्या दिवशी पाठवली जाईल. याची पूर्वसूचना या निवेदनाद्वारे देत आहोत.

आपले विश्वासू,
जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातील सर्व क्षेत्रीय कर्मचारी
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे)

प्रत माहितीसाठी व योग्य कार्यवाहीसाठी :
मा. जिल्हाधिकारी
मा. उपसंचालक, आरोग्य सेवा