आधी मालकी, मग हातोडा

गिरगाव, काळबादेवी, भुलेश्वर, डोंगरी, लालबागच्या जुन्या इमारतींचा पुनर्विकास हा बांधकामाचा प्रश्न आहे असं जो सांगतो तो एक तर अडाणी आहे, नाही तर त्याचा त्या जमिनीवर डोळा आहे. हा प्रश्न मालकीचा आहे. पागडीच्या खोलीत तीन पिढ्या काढलेला भाडेकरू मालक होणार का, कधी होणार आणि नेमका कशाचा होणार, एवढंच विचारायचं आहे. एफएसआय, प्रोत्साहनपर क्षेत्र, टीडीआर ही बिल्डरच्या वहीतली भाषा. ती बिल्डरने खुशाल बोलावी. सरकार आणि महापालिका दुसरी कुठली भाषा बोलतच नाहीत, याचा मला संताप आहे.

नागपूरच्या २०२५ च्या हिवाळी अधिवेशनात ‘पागडीमुक्त मुंबई’ची घोषणा झाली. पागडीच्या इमारतींसाठी वेगळी नियमावली करू, भाडेकरू आणि घरमालक दोघांच्याही हक्काचं चटईक्षेत्र राखू, असं सांगण्यात आलं. पागडी संपायलाच हवी, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. खोली घेताना विकत घेतल्यासारखी रक्कम मोजायची आणि आयुष्यभर भाडेकरू म्हणवून घ्यायचं; खोली दुसऱ्याला द्यायची वेळ आली की येणाऱ्या पैशातला तिसरा हिस्सा घरमालकाच्या हातावर ठेवायचा; भाडेपावती मुलाच्या नावावर करून घ्यायला त्याच्या पेढीवर खेटे घालायचे. ही व्यवस्था गेली तर कुणाच्याही डोळ्यांत पाणी येणार नाही. पण घोषणेत हिशेब होता तो चौरस फुटांचा. भाडेकरूचं नाव मालक म्हणून कोणत्या टप्प्यावर नोंदलं जाणार, त्याआधी त्याची खोली पाडता येईल की नाही, याचा हिशेब मला त्यात दिसला नाही.

मला चाळीचा उमाळा नाही, हेही सांगून टाकतो. गिरगावातल्या केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ मध्ये सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला, संयुक्त महाराष्ट्राचा लढा चाळींनी अंगावर घेतला, हे सगळं खरं आणि अभिमानाचं. पण कॉमन संडासापुढची सकाळची रांग, पावसाळ्यात छताखाली मांडलेली पातेली, गॅलरीला लावलेले लाकडी टेकू आणि पाहुण्यांसमोर कपडे बदलायला जागा नसलेल्या सुना, हेही तितकंच खरं. त्या खोल्या पाडा. फक्त खोलीबरोबर माणसाचा हक्क पाडू नका.

या इमारती अशा का झाल्या, हे विसरून चालणार नाही. भाडी १९४० च्या पातळीला गोठवली गेली आणि १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने ती तशीच ठेवली. घरमालकाने दुरुस्तीतून हात काढून घेतला. त्याची तक्रार मी उडवून लावणार नाही; सर्वोच्च न्यायालयानेही ही गोठवणूक काळाच्या ओघात अवाजवी ठरल्याचं म्हटलं होतं. १९९९ चा नवा कायदा आला तेव्हा वर्षाला चार टक्के वाढ मिळाली आणि त्याच कायद्याने पागडी घेणं अधिकृत केलं. म्हणजे जो व्यवहार इतकी वर्षं अंधारात होत होता, त्याला सरकारने उजेडात बसवलं आणि तरीही पागडी भरणाऱ्याला भाडेकरूच ठेवलं. पैसे घेणं कायदेशीर, पैसे देणाऱ्याची मालकी मात्र बेकायदेशीर. हे पाप कोणा एका पक्षाचं नाही, सगळ्यांचं आहे.

दरम्यान इमारती कोसळत होत्या. त्यासाठी १९६९ मध्ये इमारत दुरुस्ती मंडळाचा कायदा झाला, रहिवाशांवर उपकर बसला आणि १९,६४२ इमारती ‘सेस’च्या यादीत आल्या. उपकर आम्ही भरला. मंडळाने टेकू लावले. काही इमारती पाडून नव्या बांधल्या, पण बहुतेकांच्या वाट्याला टेकूच आले. ज्यांची इमारत पडली किंवा पाडली ते संक्रमण शिबिरात गेले, आणि तात्पुरत्या म्हणवणाऱ्या त्या शिबिरांत मुलं लहानाची मोठी झाली, त्यांची लग्नं झाली.

आता एक गोष्ट जी आजच्या चर्चेत कुणी काढत नाही. भाडेकरूला बिल्डरशिवाय मालक करणारा कायदा महाराष्ट्राने केला होता. १९८६ मध्ये म्हाडा कायद्याला आठ-अ हे प्रकरण जोडलं गेलं. सत्तर टक्के रहिवाशांनी सहकारी संस्था करून अर्ज केला, तर मासिक भाड्याच्या शंभरपट रक्कम देऊन सरकार ती मालमत्ता संपादन करील आणि संस्थेकडे सोपवील, अशी ती तरतूद. घरमालक न्यायालयात गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठापर्यंत पोचलं, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये निकाल आला की प्रत्येक खाजगी मालमत्तेला राज्यघटनेतल्या अर्थाने ‘समाजाचं भौतिक साधन’ म्हणता येणार नाही. कायदा झाल्यापासून निकालापर्यंत अडतीस वर्षं. तेवढ्या काळात भाडेकरूंची एक पिढी संपली.

शंभरपट भाडं ही रक्कम न्याय्य नव्हती, हे मी मान्य करतो. गोठलेल्या भाड्याची शंभरपट म्हणजे दक्षिण मुंबईतल्या जमिनीची थट्टाच. पण मग वाजवी रक्कम ठरवायला कुणी अडवलं होतं? रेडी रेकनर सरकारचाच. रहिवाशांच्या संस्थेला कमी व्याजाचं दीर्घ मुदतीचं कर्ज देता आलं असतं, घरमालकाला बाजाराच्या जवळ जाणारा मोबदला देता आला असता. त्यासाठी सरकारला स्वतःच्या तिजोरीला हात लावावा लागला असता. त्याऐवजी १९९१ च्या विकास नियमावलीत ३३(७) हा नियम आला आणि भाडेकरू व घरमालक यांच्या मध्ये तिसरा माणूस उभा राहिला. सरकारचा एक पैसा खर्च झाला नाही, आणि मुंबईचा सगळ्यात जुना भाग त्या तिसऱ्या माणसाच्या नफ्यातोट्यावर सोडून देण्यात आला.

३३(७) चं यंत्र असं चालतं. जुन्या रहिवाशांच्या पुनर्वसनाला जेवढं क्षेत्र लागेल, त्याच्या निदान निम्म्याइतकं क्षेत्र बिल्डरला बक्षीस म्हणून विकायला मिळतं. आजूबाजूचे भूखंड जोडले की बक्षीस वाढतं. रहिवाशाला किमान ३०० चौरस फूट. म्हणजे बिल्डरच्या लेखी भाडेकरू हा माणूस नसून बक्षिसाचा गुणक आहे. म्हणून तर कागदावर भाडेकरू वाढतात, १३ जून १९९६ या पात्रतेच्या तारखेआधीपासून राहत असल्याचे पुरावे अचानक सापडतात आणि एका खोलीच्या दोन खोल्या होतात. आणि जिथे विक्रीच्या फ्लॅटला भाव येणार नाही, तिथे बिल्डर फिरकतसुद्धा नाही. त्या इमारतीतला माणूस तितकाच भारतीय, तितकाच धोक्यात. पण त्याच्या जमिनीत नफा नाही, म्हणून त्याच्या नशिबी टेकू.

माझ्या मावशीच्या चाळीचं सांगतो. संमतीपत्रं गोळा झाली, एका बिल्डरने पेढे वाटले, सगळ्यांनी खोल्या रिकाम्या केल्या, चाळ पाडली. सुरुवातीची वर्षं बाहेर राहण्याच्या भाड्याचे बिल्डरचे चेक वेळेवर आले. मग उशिरा येऊ लागले. मग परत जाऊ लागले. मग बिल्डरचा फोन लागेना. मावशी डोंबिवलीला लेकीकडे गेली. काका गिरगावात परतायचं म्हणत म्हणत तिकडेच गेले. खड्ड्यात पावसाचं पाणी साचतं आणि भोवती निळे पत्रे आहेत. मावशीकडे आज ना भाडेपावती आहे, ना मालकीचा कागद. आधी ती निदान भाडेकरू होती.

हे तिचं एकटीचं दुर्दैव असतं तर मी लिहिलं नसतं. दक्षिण मुंबईत निळे पत्रे लावलेला खड्डा न दिसता एक मैल चालून दाखवा.

कायद्याचा तोल कुणाकडे झुकलाय ते बघा. ठरलेल्या टक्क्यांनी संमती दिली की ती बाकीच्यांवर बंधनकारक. ही अट पूर्वी सत्तर टक्क्यांची होती, ती एक्कावन्नवर आणली गेली. शंभरातल्या एकोणपन्नास कुटुंबांना भरवसा वाटत नसला, तरी त्यांना उठावंच लागतं. न उठणाऱ्याला बाहेर काढायला म्हाडा कायद्याचं ९५-अ कलम तयार आहे. सरसकट, झटपट. आता उलट बाजू. भाडं थकवणाऱ्या बिल्डरविरुद्ध मावशीने कुठे जायचं? रखडलेला प्रकल्प सरकारने ताब्यात घेण्याची ९१-अ ची तरतूद यायला २०२२ उजाडलं. भाडेकरूला उठवायची घाई होती, बिल्डरला पकडायची नव्हती.

त्याच वेळी आलेलं ७९-अ कलम तर भाडेकरूच्या बाजूने लिहिलेलं होतं. धोकादायक इमारतीच्या मालकाने सहा महिन्यांत प्रस्ताव दिला नाही, तर रहिवाशांच्या संस्थेला संधी. तिलाही जमलं नाही, तर म्हाडाने संपादन करून बांधायचं. चांगली तरतूद. तिची अंमलबजावणी इतकी बेफिकीर झाली की इमारत धोकादायक असल्याचा रीतसर निर्णय नसताना नोटिसा निघाल्या, आणि जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने म्हाडाला खडसावलं. अधिकाऱ्यांनी कागद नीट केले असते, तर जे कलम रहिवाशांच्या हातात आलं असतं, ते घरमालकांच्या हातातला दाखला झालं.

बिल्डरशिवाय काही होतच नाही, हे पालुपद मी पुष्कळ ऐकलं आहे. वरळीला जाऊन बघा. बीडीडी चाळींत १६० चौरस फुटांच्या खोलीतली माणसं ५०० चौरस फुटांच्या मालकीच्या घरात जात आहेत. १४ ऑगस्ट २०२५ रोजी पहिल्या ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्या. तिथे विकासक म्हाडा आहे. जमीन सरकारची, म्हणून सोपं गेलं, असं कुणी म्हणेल. मान्य. उशीर तिथेही भरपूर झाला. पण सार्वजनिक यंत्रणा घर बांधू शकते, जुन्या रहिवाशाला त्याच जागी मालक करू शकते, हे सिद्ध झालं ना? मग गिरगावातल्या खोलीला किमान ३०० आणि वरळीतल्या खोलीला ५००, हा फरक कशाच्या आधारावर?

आणि मालक म्हणजे कशाचा मालक? फ्लॅटची चावी म्हणजे मालकी नव्हे. १९६३ च्या मोफा कायद्याने बिल्डरवर जमिनीचं अभिहस्तांतरण चार महिन्यांत करून देण्याचं बंधन घातलं. ते इतकं धाब्यावर बसवलं गेलं की २००८ मध्ये ‘मानीव अभिहस्तांतरण’ नावाची दुरुस्ती आणावी लागली. राजरोस पैसे मोजून फ्लॅट घेणाऱ्या मध्यमवर्गाच्या वाट्याला हे आलं, तर पुनर्वसनाच्या इमारतीतल्या माजी भाडेकरूला सातबारा नाही तर प्रॉपर्टी कार्ड कोण आणून देणार? त्याची इमारत मागे, विक्रीचा टॉवर पुढे. प्रवेशद्वारं वेगळी. ओसी, म्हणजे वापराचा दाखला, रखडलेला. लिफ्ट, पंप, अग्निशमन यंत्रणा आणि रखवालदार यांचा खर्च दर महिन्याला. पाचशे फुटांपर्यंतच्या घराला मालमत्ता कर माफ आहे; लिफ्टच्या बिलाला माफी नाही. देखभालीसाठी ठेवलेल्या कॉर्पस निधीचं व्याज पुरेनासं झालं की निवृत्त गिरणी कामगाराचा मुलगा फ्लॅट विकून बदलापूरला जातो. मग याला आपण पुनर्वसन म्हणतो आणि फीत कापतो.

जीव मात्र थांबत नाहीत. ३१ ऑगस्ट २०१७ ला पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी इमारत कोसळली, ३३ माणसं गेली. भेंडीबाजारच्या समूह पुनर्विकासात ती इमारत होती. योजना कागदावर होती, माणसं इमारतीत होती. म्हणून जो म्हणतो ‘नियम कडक केले तर प्रकल्प अडतील’, त्याला माझं सांगणं आहे: प्रकल्प आत्ताच अडलेले आहेत, तुमच्या सैल नियमांनीच अडलेले आहेत. ज्याच्याकडे पैसा नाही, अनुभव नाही, त्याच्या हाती तुम्ही गल्ल्या दिल्या.

नव्या नियमावलीत काय हवं, ते सांगायला कुणी मोठा तज्ज्ञ लागत नाही. इमारत रिकामी करण्याआधी प्रत्येक भाडेकरूशी नोंदणीकृत करार, त्यात घराचा आकार, मजला आणि मालकीचा हक्क. बांधकाम पूर्ण होईपर्यंतचं भाडं आगाऊ, बिल्डरच्या हाताबाहेरच्या खात्यात. ते भरलेलं नसेल तर पाडकामाची परवानगी नाही. विक्रीच्या इमारतीची ओसी पुनर्वसनाच्या इमारतीच्या ओसीनंतर, आणि जमिनीचं अभिहस्तांतरण झाल्याशिवाय तीही नाही. घरमालकाला त्याचा वाजवी मोबदला रोखीत, म्हणजे तो वाटाघाटीच्या नावाखाली वर्षानुवर्षं गळा धरणार नाही. आणि जिथे बिल्डर येत नाही तिथे संस्थेला स्वयंपुनर्विकासासाठी कर्ज, सरकारच्या हमीवर. देखभालीचा निधी इतका की दहा वर्षं तरी कुणाला घर विकून जावं लागू नये.

महापालिकेला यातून अंग काढता येणार नाही. मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षं मुंबईला नगरसेवक नव्हते. प्रशासकाने कारभार हाकला आणि रहिवाशाला जाब विचारायला वॉर्डात कुणी उरलं नव्हतं. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीनंतर ती सबब संपली. नगररचना कायद्याच्या ३७ व्या कलमाखाली नियमात बदल करायचा तर लोकांच्या हरकती-सूचना मागवाव्या लागतात, त्यासाठी महिनाभराची मुदत असते. तुमच्या प्रभागाच्या नगरसेवकाला आजच विचारा की त्या महिन्यात तो काय लिहिणार आहे. त्याचं उत्तर ‘पक्ष ठरवेल’ असं आलं तर स्वतः लिहा, चाळीतल्या प्रत्येक खोलीतून एक हरकत पाठवा.

आणि पेढ्यांचा पुडा घेऊन कुणी संमतीपत्रावर सही मागायला दारात आलं, तर आधी नोंदणीकृत करार आणि भाड्याची भरलेली रक्कम मागा. ते मिळेपर्यंत सही करू नका.