घरचा राउटर : गरज आधीं, किंमत मागाहून

कोणतीहि वस्तु घेतांना प्रथम गरज पाहावी व मग किंमत, असा आपल्या वाडवडिलांचा दंडक होता. पेणच्या कारखान्यांतून गणेशमूर्ति नेणारा मनुष्य घरच्या मखराचें माप घेऊनच मूर्ति ठरवितो. इंटरनेटसाठीं राउटर घेतांना मात्र हा विवेक सुटलेला दिसतो. मुलाचा पाठ मध्येंच अडकतो, म्हणून पेण-रोह्याकडील एखादा गृहस्थ सहा-सात हजारांचें, चारी बाजूंस शिंगें उभारलेलें यंत्र घेऊन येतो; आणि अडचण होती तशीच राहते. आमच्या मतें हा दोष यंत्राचा नसून निवडीचा आहे.

राउटर हा इंटरनेट निर्माण करीत नाहीं. बाहेरून तारेनें आलेलें तें घरांतील यंत्रांस वाटून देतो. आडांत नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार? जोडणीच सेकंदास ४० मेगाबिट वेगाची असेल, तर हजारांची बढाई मारणारा राउटरहि बाहेरून ४० च आणील. हा वेग थोडका नव्हे. चित्रफितीवरील एका पाठास साधारणपणें ३ ते ५ मेगाबिट पुरतात. तीन भावंडें एकाच वेळीं शिकलीं तरी भागतें. म्हणून पालकांनीं आधीं आपल्या जोडणीचा वेग पाहावा. तो १०० पर्यंत असेल तर साधें यंत्र पुरे. त्याहून अधिक असेल तरच 'गिगाबिट पोर्ट' असलेलें घ्यावें. शिवाय फायबरची जोडणी देणारा जी पेटी भिंतीवर बसवितो, तिच्यांतच पुष्कळदां वायफाय असतें. तें विचारल्यावांचून दुकानाची पायरी चढूं नये.

दुसरी गोष्ट भिंतींची. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी दूर जातात व भिंती बऱ्यापैकीं ओलांडतात, पण त्यांचा वेग कमी. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी वेगवान, पण भिंतीपुढें लौकर थकतात. जांभ्या दगडाच्या जाड भिंती आणि नव्या घरांचा स्लॅब यांपुढें महाग राउटरचीहि मात्रा फारशी चालत नाहीं. म्हणून दोन्ही प्रकारच्या लहरी देणारा, दीड-दोन हजारांतील राउटर घ्यावा व तो घराच्या मध्यभागीं, उंच फळीवर ठेवावा. लोखंडी कपाटामागें दडवूं नये. घर लांब असेल तर दुसऱ्या टोकापर्यंत तार नेऊन तेथें दुसरा साधा राउटर बसविणें अधिक हिताचें.

मात्र दोन ठिकाणीं काटकसर करूं नये. राउटरवर 'डब्ल्यूपीए-२' किंवा 'डब्ल्यूपीए-३' ही सुरक्षा असावी, आणि कारखान्यांतून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशीं बदलावा. तसेंच विजेची सोय पाहावी. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळानें आपल्या जिल्ह्यांतील विजेचे खांब आडवे केले, तें कोण विसरेल? असे प्रसंग विरळा. परंतु पावसाळ्यांत वीज जाणें नित्याचेंच. राउटरसाठीं मिळणारी लहान बॅटरी घेतल्यास कांहीं तास अभ्यास खंडत नाहीं. मात्र आकाशांत विजा कडाडूं लागल्या कीं प्लग काढून ठेवावा.

कोणी म्हणतील, 'स्वस्त तें महाग पडतें; पुढील दहा वर्षांचा विचार करावा.' परंतु 'वायफाय ६' चें मानक २०२१ सालीं संमत झालें आणि जानेवारी २०२४ मध्यें 'वायफाय ७' च्या यंत्रांस प्रमाणपत्रें मिळूं लागलीं. इतक्या त्वरेनें बदलणाऱ्या वस्तूंत दहा वर्षांची पुंजी घालणें शहाणपणाचें नव्हे.

विद्यार्थिमित्रांनो, वडिलांपाशीं महाग यंत्राचा हट्ट धरण्यापूर्वीं वरील माप स्वतः घेऊन पाहा. हातीं आलेल्या द्रव्याचे आपण मालक नव्हे, विश्वस्त आहों. वांचलेल्या तीन-चार हजारांत एक उत्तम शब्दकोश, धाकट्या बहिणीचीं वर्षाचीं पुस्तकें, आणि शेजारच्या एखाद्या गरजू मुलाच्या वह्याहि येतील. सुज्ञांस अधिक सांगणें न लगे.