धरणाकाठची वायनरी नाशिकला आहे, मग यवतमाळला का नाही?

मे महिना आला की यवतमाळकरांचा एक प्रश्न ठरलेला असतो, पोरांना घेऊन एका दिवसात कुठं जाऊन यायचं? पर्याय मोजकेच आहेत. टिपेश्वरची सफारी, सहस्रकुंडचा धबधबा (तोही उन्हाळ्यात जेमतेम), नाहीतर एखादं धरण. अशात मोबाईलवर नाशिकचे रील्स येतात. समोर धरणाचं पाणी, मागे द्राक्षांचे मळे, टेबलावर पिझ्झा आणि वाईनचा ग्लास. मग कमेंटमध्ये कुणीतरी विचारतंच, आपल्याकडे इसापूर आहे, अरुणावती आहे, बेंबळा आहे, पाण्याला तोटा नाही. मग असं काही आपल्याकडे का नाही?

या प्रश्नाचं उत्तर पाण्यात नाही. ते शेतीत, कायद्यात आणि यवतमाळच्या बायकांनी उभ्या केलेल्या लढ्यात आहे.

नाशिकला हे जमलं कसं?

नाशिकमध्ये आधी द्राक्षं होती, वायनरी नंतर आल्या. छाटणी, औषध फवारणी, मजूर, बाजार ही सगळी घडी खाण्याच्या द्राक्षांमुळे बसलेली होती. हिवाळ्यातल्या थंड रात्री आणि मुंबईची जवळीक हे दोन फायदे वेगळेच. राजीव सामंत यांनी १९९७ मध्ये गंगापूर धरणाजवळ वाईनच्या द्राक्षांची लागवड केली आणि त्यातून सुला उभी राहिली. २००५ मध्ये सुलाने टेस्टिंग रूम सुरू केली. लोक वाईन विकत घ्यायला नाही तर फिरायला येऊ लागले, तिथून खरं वाईन पर्यटन सुरू झालं.

सरकारही मागे उभं राहिलं. २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरणात वाईनला उत्पादन शुल्कात माफी मिळाली. नाशिकमधलं विंचूर आणि सांगलीतलं पलूस इथे वाईन पार्क आखले गेले. थोडक्यात, सरकारने वाईनकडे दारू म्हणून कमी आणि शेतीमालावरची प्रक्रिया म्हणून जास्त पाहिलं.

यवतमाळचं पीक कापूस आणि सोयाबीन. नुसतं धरण दाखवून वायनरी येत नाही. शिवाय धरणाची जमीन जलसंपदा विभागाची असते, तिथे काहीही उभं करायचं तर आधी परवानगी लागते.

मग मोहाचं काय?

इथे गोष्ट जरा टोचते. यवतमाळच्या जंगलपट्ट्यात मोहाची झाडं आहेत आणि मोहफुलांची दारू ही आदिवासी भागातली जुनी परंपरा आहे. पण द्राक्षाची वाईन म्हणजे कृषी उद्योग आणि मोहाची दारू म्हणजे हातभट्टी, पोलिसांची धाड. मोहफुलं गोळा करण्यावरचे आणि वाहतुकीवरचे निर्बंध राज्याने २०२१ मध्ये शिथिल केले. शेजारच्या मध्य प्रदेशाने तर मोहाच्या दारूला हेरिटेज मद्य म्हणून मान्यता दिली. नाशिकच्या शेतकऱ्याला मिळालेली संधी यवतमाळच्या आदिवासीला का नाही, हा प्रश्न रास्त आहे.

पण दुसरी बाजू जास्त जड आहे

यवतमाळच्या आजूबाजूला बघा. वर्धा जिल्ह्यात १९७० च्या दशकापासून दारूबंदी आहे. चंद्रपूरमध्ये १ एप्रिल २०१५ ला दारूबंदी लागू झाली आणि मे २०२१ मध्ये ती उठवण्याचा निर्णय झाला. या दोघांच्या शेजारी असलेल्या यवतमाळमध्येही जिल्हा दारूबंदीची मागणी जोरात पुढे आली. ‘स्वामिनी’ अभियानाच्या नावाने गावोगावच्या बायका रस्त्यावर उतरल्या. शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या जिल्ह्यात घरातला पैसा दारूत जातो, मार बायको खाते आणि कर्ज तसंच राहतं, हे त्यांचं साधं गणित होतं.

त्यांच्या हातात एक कायदेशीर मार्गही आहे. २००८ च्या नियमानुसार गावातल्या २५ टक्के महिलांनी किंवा मतदारांनी मागणी केली तर गुप्त मतदान होतं. यादीतल्या निम्म्याहून जास्त मतदारांनी ‘आडव्या बाटली’ला मत दिलं की दुकान बंद.

म्हणूनच २७ जानेवारी २०२२ ला राज्य मंत्रिमंडळाने १०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाईन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा गदारोळ झाला. दारूबंदी असलेले जिल्हे त्यातून वगळले होते, तरीही अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला. सरकार म्हणत होतं, शेतकऱ्याचा फायदा. विरोधक म्हणत होते, किराणा दुकानात दारू. दोघांचे शेतकरी मात्र वेगवेगळे होते. एकाच्या डोळ्यासमोर द्राक्षवाला होता, दुसऱ्याच्या डोळ्यासमोर दारूने घर गमावलेला.

तरीही नाशिकला निघाला असाल तर

• यवतमाळहून नाशिक एका दिवसात करून येण्यासारखं नाही, मुक्काम धरा.

• उन्हाळ्यात वेलींवर द्राक्षांचे घड दिसणार नाहीत. काढणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये होते आणि एप्रिलमध्ये खरड छाटणी. रीलमधले घड मे महिन्यात शोधू नका.

• वाईन पिण्यासाठी वय २१ पूर्ण हवं. पोरांसाठी बागेची सैर आणि जेवण, एवढंच.

• गाडी चालवणाऱ्याने प्यायची नाही. पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हीही होऊ शकतं.

• बाटली सोबत आणत असाल तर रस्ता बघा. समृद्धी महामार्ग नागपूरकडे जाताना वर्धा जिल्ह्यातून जातो, नागपूरहून यवतमाळला येणारा तुळजापूर महामार्गही वर्ध्यातूनच येतो. दारूबंदीच्या जिल्ह्यात बाटली सापडली की सहलीची पोलीस केस होते.

मग यवतमाळला काय हवं?

धरणाकाठी सावली, स्वच्छ संडास, सुरक्षित बोटिंग आणि घरगुती जेवण मिळालं तरी जिल्ह्यातली कितीतरी कुटुंबं उन्हाळ्यातला एक दिवस तिथे काढतील. बचत गटांना चार पैसे मिळतील. त्यासाठी वायनरी लागत नाही. आणि उद्या कुणी वायनरीचा किंवा मोहाच्या मद्याचा प्रस्ताव आणलाच, तर रोजगार किती मिळणार हे विचारालच. पण ज्या बायकांनी आडव्या बाटलीसाठी रांगा लावल्या, त्यांना आधी विचारलं का, हेही विचारा.