अंधारांतील वाणी

गेल्या नवरात्रांत सप्तशतीचा पाठ आटोपून मी माजघरांत आलों, तों सूनबाई चिंतेंत दिसली. म्हणाली, “मामंजी, हा दार लावून कसलीं रडकीं गाणीं ऐकत बसतो, तें एकदां पाहा तरी!” हा म्हणजे माझा महाविद्यालयांत शिकणारा नातू.

मुलाची परीक्षा बंद दाराबाहेरून घेऊं नये, हें मी शाळेंत शिकलों आहें. म्हणून त्याच्या शेजारीं बसून तो गीतसंग्रह मीं संपूर्ण ऐकला. नांव ‘थंडर परफेक्ट माइंड’. डेव्हिड टिबेट या इंग्रज गायकानें १९८२ मध्यें स्थापिलेल्या ‘करंट नाइन्टी थ्री’ या मंडळीनें तो १९९२ मध्यें प्रसिद्ध केला. आरंभीं ही मंडळी कर्कश नादांचीं आवर्तनें रचीत असे. या संग्रहांत मात्र मायकेल कॅशमोर यांची सौम्य गिटार आहे आणि तिच्यावर अर्धें गाणें, अर्धें पठण. या प्रकारास ‘निओफोक’, म्हणजे नवें लोकगीत, म्हणतात. विषय मृत्यु, विलाप आणि जगाचा अंत. सर्व तारे आतां विझले, अशा अर्थाचें नांव एका गीतास आहे. सूनबाईची भीति अगदींच निराधार नव्हती.

“पण या नांवाचा अर्थ काय रे?” मीं विचारलें. नातू सांगूं लागला. १९४५ मध्यें इजिप्तमध्यें नाग हम्मादी गांवाजवळ मातीच्या रांजणांत कातडी बांधणीच्या जुन्या पोथ्या सांपडल्या. सुमारें सोळाशें वर्षे त्या भूमींत पडून होत्या. त्यांतील कॉप्टिक भाषेंतल्या एका काव्याचें हें नांव. त्यांत एक दिव्य स्त्री स्वतःविषयीं बोलते. मान आणि अवहेलना, ज्ञान आणि अज्ञान, हीं सर्व आपलींच रूपें असल्याचें सांगते.

मी चपापलों. सप्तशतीच्या पाठानंतर आपण जें देवीसूक्त म्हणतों, तें ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील १२५ वें सूक्त. त्याच्या आठ ऋचांची द्रष्टी वाक् आम्भृणी. तीहि ‘मी’ म्हणूनच बोलते. दोहोंचें नातें जोडण्याचा अट्टहास मी करीत नाहीं. आपली वाक् देवांना धारण करणारी, निःशंक आहे. ती मिसरदेशीची स्त्री परस्परविरुद्ध गोष्टी एकत्र गुंफते. परंतु विश्वाच्या मुळाशीं एक स्त्रीवाणी आहे, ही जाणीव दोहींकडे आहे.

हें सांगतांच नातू म्हणाला, “आजोबा, तुम्हीं म्हणतां त्यांत हें आहे? मी तर लहानपणापासून ऐकतों. अर्थ कोणीं सांगितलाच नाहीं!”

हे शब्द मला झोंबले. जी वाणी पुरली गेली, ती गीताच्या रूपानें माझ्या नातवापर्यंत पोंचली. त्या गायकानें तर पुढें कॉप्टिक भाषेचें अध्ययन केलें. आणि जी वाणी मुखपरंपरेनें कधीं खंडित झाली नाहीं, ती माझ्याच घरांत कानांपाशीं थांबली! लोकांच्या मुलांना मीं संस्कृत शिकविलें. घरच्या मुलास केवळ पाठ ऐकविला.

वाचकहो, तरुणांचीं गाणीं उदास असतील. पण तीं कशाच्या शोधांत आहेत, हें शेजारीं बसल्यावांचून कळत नाहीं. आतां सायंकाळीं आम्ही एकेक ऋचा अर्थासह वाचतों. सूनबाईहि येऊन बसते. पांच झाल्या आहेत. तीन उरल्या आहेत.